आधी पाणी, मग सवलत
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वाटचाल : संत तुकारामनगरातून पाहिलेली

पिंपरीच्या संत तुकारामनगरला आता मेट्रोने उतरता येते. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा मार्ग सुरू झाला आणि आमच्या नगराचे नाव स्थानकाच्या पाटीवर झळकले. जवळच वल्लभनगरचे एसटी आगार आहे. नगरात शिरले की यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आचार्य अत्रे रंगमंदिर आणि मधल्या गल्ल्यांत कामगारांची घरे. पहाटे साडेपाचला या घरांतून कुकरच्या शिट्या ऐकू येतात. सहाच्या सुमारास पहिल्या पाळीच्या बसगाड्या नाक्यावर येऊन थांबतात. माझे लहानपण या गाड्यांच्या घरघरीत गेले. वडील एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. पुढे त्यांनी भोसरीत स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकले, आणि आज ते आम्ही भावंडे चालवतो.

नगराला नाव तुकोबांचे आणि रुग्णालयाला यशवंतरावांचे. ज्या महामंडळाचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायला घेतला आहे, त्याच्या जन्माच्या समारंभाचे अध्यक्षस्थान मुख्यमंत्री या नात्याने यशवंतरावांनीच भूषवले होते. म्हणून ही कहाणी मी मंत्रालयातून सुरू न करता आमच्या गल्लीतून सुरू करतो आहे.

उद्योगांना द्यायच्या सवलतींचा विषय निघाला की बोलणे लगेच करमाफी, अनुदान आणि सामंजस्य करारांच्या आकड्यांवर जाते. त्या आकड्यांना महत्त्व आहेच. पण पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या या औद्योगिक पट्ट्याची साठ वर्षे जवळून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की आम्हाला मिळालेली पहिली आणि सर्वांत टिकाऊ सवलत म्हणजे मोजून दिलेली जमीन, नळाला येणारे पाणी, ट्रक जाईल एवढा रस्ता आणि कामगाराच्या डोक्यावर छप्पर. करातली सूट तिच्या मागून आली, आणि जिथे ही पहिली सवलत भक्कम होती तिथेच ती फळाला आली.

महामंडळाआधीचा माळ

महामंडळ आले तेव्हा पिंपरी अगदी ओसाड नव्हती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषधनिर्मिती कारखाना इथे उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आजही जुनी माणसे पत्ता सांगताना ‘एचए’चे नाव घेतात. १९६० च्या सुमारास बजाज ऑटोने आकुर्डीत स्कूटरचा कारखाना उभारायला घेतला. पुणे-मुंबई रस्ता आणि लोहमार्ग इथे जवळजवळ हातात हात घालून धावतात, पवना अंगावरून वाहते आणि मुंबई बंदर एका रात्रीच्या अंतरावर आहे. कारखानदाराला आणखी काय हवे?

हवे होते ते एवढेच, की हे सगळे जुळवून देणारे कुणीतरी असावे. मोठी कंपनी शेतकऱ्यांशी बोलून जमीन घेऊ शकत होती, स्वतःची पाण्याची टाकी बांधू शकत होती. चार लेथ घेऊन धंदा करू पाहणाऱ्या माणसाला ते शक्य नव्हते. त्याला जागा मिळाली तर ती बिनशेती नसे, बिनशेती झाली तर तिथे वीज नसे, आणि वीज आली तर पावसाळ्यात तिथवर गाडी जात नसे.

१ ऑगस्ट १९६२

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा राज्याचे कारखाने मुंबई आणि ठाण्याच्या परिसरात दाटीने एकवटलेले होते. उद्योग राज्यभर न्यायचे तर काय करावे, याचा विचार बोरकर समितीने केला. तिच्या शिफारशीवरून १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ नेमले गेले. या मंडळाने दोन कामे केली. एक म्हणजे कायद्याचा मसुदा तयार केला, जो पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ म्हणून संमत झाला. दुसरे म्हणजे राज्यभर फिरून कुठे वसाहती करता येतील याची पाहणी केली. १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झालेल्या एका छोट्या समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्माला आले. पाहणी आधीच झालेली असल्यामुळे पहिल्याच वर्षी महामंडळाने १४ औद्योगिक क्षेत्रे हाती घेतली.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी पाहणी आणि कायदा, मग संस्था, आणि सवलतींची योजना त्यानंतर, १९६४ मध्ये. ज्यांनी हे आखले त्यांना कळले होते की नुसत्या घोषणेने कारखाना येत नाही.

कायद्याने महामंडळाला मोठे अधिकार दिले. जमीन संपादन करायची, तिचे भूखंड पाडायचे, रस्ते, पाणी, गटारे करायची आणि भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. सुरुवातीला अधिमूल्य एकदाच भरायचे आणि नंतर वर्षाला १ रुपया एवढे नाममात्र भुईभाडे. पुढे आपल्या क्षेत्रात विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून बांधकामाचे नकाशेही महामंडळच मंजूर करू लागले. उद्योजकाला दहा दारे ठोठावावी लागत होती, त्यांतली बरीचशी दारे एका इमारतीत आली. आज ‘एक खिडकी’ म्हणतात ती कल्पना या कायद्यात बीजरूपाने होती.

आमच्याकडे रावेतजवळ पवनेचे पाणी उचलून, शुद्ध करून ते कारखान्यांपर्यंत आणण्याची व्यवस्था महामंडळाने उभी केली. लोक या संस्थेला पूर्ण नावाने कधी ओळखत नाहीत. संस्था, तिचे क्षेत्र, तिचा रस्ता, तिचे पाणी, सगळे एकाच शब्दात : एमआयडीसी.

चार दगड आणि एक ताबा पावती

वडिलांना भोसरीत भूखंड मिळाला तो दिवस मला आठवतो. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आम्ही दोघे सायकलवरून गेलो. मोजणीदार आधीच येऊन थांबला होता. त्याने नकाशा सायकलच्या कॅरियरवर पसरला, साखळी धरायला वडिलांना एका टोकाला उभे केले आणि चार कोपऱ्यांवर चार दगड रोवले. दगडांना चुना फासला. मग खिशातून कागद काढून त्यावर वडिलांची सही घेतली. ती ताबा पावती. तिच्यावर चतुःसीमा लिहिलेली होती : पूर्वेला शेजारचा भूखंड, पश्चिमेला भूखंड, उत्तरेला मोकळी जागा, दक्षिणेला रस्ता.

‘दक्षिणेस रस्ता’ हे शब्द वडिलांनी दोनदा वाचले. प्रत्यक्षात तिथे खडी टाकलेला पट्टा होता, पण कागदावर रस्ता होता. आईने दिलेला नारळ त्यांनी त्या दगडावर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मोजणीदाराच्या हातावर ठेवला.

त्या पावतीच्या जोरावर बँकेने त्यांना उभे केले, कारण भाडेपट्ट्याची जमीन महामंडळाच्या संमतीने तारण ठेवता येत होती. नोकरदार टर्नरकडे दुसरे तारण काय असणार? सवलत म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले नव्हते. आज समजते. कायदेशीर, निर्वेध, नकाशावर असलेली जमीन हेच लहान माणसाचे पहिले भांडवल.

पाठीशी उभ्या राहिलेल्या संस्था

महामंडळ एकटे नव्हते. राज्याने त्याच काळात आणखी काही संस्था उभ्या केल्या आणि प्रत्येकीला एकेक काम नेमून दिले. महाराष्ट्र राज्य वित्तीय महामंडळाने यंत्रांसाठी मुदत कर्जे दिली. १९६२ मध्येच स्थापन झालेल्या लघुउद्योग विकास महामंडळाने छोट्यांना कच्चा माल आणि बाजार मिळवून देण्याचे काम अंगावर घेतले. पोलाद आणि पिग आयर्न वाटपाने मिळायचे, त्या काळात या कामाचे मोल फार होते. १९६६ मध्ये सिकॉम आली आणि मध्यम व मोठ्या उद्योगांना कर्ज आणि सवलती पोहोचवू लागली. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली आणि लघुउद्योजकाची नोंदणी, शिफारस, अनुदान यांसाठी जिल्ह्यात एक हक्काचे ठिकाण झाले.

याच काळात पट्ट्याचा कणा उभा राहिला. १९६६ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुणे प्रकल्प सुरू केला. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी इथे वाहने काढण्याची घाई केली नाही. आधी यंत्रे, साचे आणि अवजारे बनवण्याचे विभाग आणि कारागीर घडवणारी प्रशिक्षणशाळा उभी केली. इथले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. त्या अकरा वर्षांत घडलेले टूलमेकर, फिटर, टर्नर पुढे भोसरीच्या गाळ्यागाळ्यांत मालक म्हणून दिसू लागले. मोठ्या कंपनीचे रेखाचित्र घ्यायचे, साचा बनवायचा, पॉवर प्रेसवर नग काढायचे आणि टेम्पोत भरून चलनासह पोचवायचे, हे जॉबवर्कचे जग तिथून जन्मले. सुट्या भागांचे हे जाळे कोणत्याही शासन निर्णयाने निर्माण झाले नाही. पण जमीन, कर्ज आणि कच्चा माल हे तिन्ही हाताशी नसते तर ते जाळे विणले गेले नसते.

सामूहिक प्रोत्साहन योजना

१९६४ मध्ये राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. हेतू स्पष्ट होता. उद्योगांनी मुंबई-ठाणे-पुणे सोडून राज्याच्या मागे राहिलेल्या भागांत जावे. म्हणजे ही योजना आमच्यासाठी नव्हती. पुढे तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी झाली. तिच्यात पिंपरी-चिंचवड विकसित म्हणून ‘अ’ गटात, आणि ‘अ’ गटाला जवळजवळ काही नाही. जो तालुका जितका मागे, तितकी सवलत जास्त आणि तितकी तिची मुदत लांब. १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९ अशा सुधारित योजना येत गेल्या, पण हे तत्त्व राहिले.

या योजनांचा गाभा विक्रीकरात होता. कर लांबणीवर टाकण्याची सवलत कशी चाले, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. कारखान्याने माल विकला आणि बिलात ग्राहकाकडून १ लाख रुपये विक्रीकर घेतला. एरवी हे पैसे मुदतीत सरकारी तिजोरीत जातात. सवलत असलेला कारखाना ते स्वतःकडे ठेवी आणि काही वर्षांनी हप्त्याहप्त्याने भरी. मधल्या काळात त्यावर व्याज नाही. म्हणजे सरकारच कारखान्याला बिनव्याजी भांडवल देत असे. त्याच्या जोडीला विशेष भांडवली अनुदान आणि काही योजनांत जकातीचा परतावा मिळे.

योजनेने काम केले, याची खूण आम्हाला आकुर्डीहून दिसली. बजाज ऑटोने १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना सुरू केला. त्याच्या मागून सुट्या भागांचे कारखाने गेले, आणि मराठवाड्यात वाहन उद्योगाचे नवे केंद्र उभे राहिले. आमच्या गल्लीतली दोन कुटुंबे तेव्हा तिकडे गेली. वडील म्हणत, ‘पोरांना गावाजवळ काम मिळालं, तर पिंपरीत दहा बाय दहाच्या खोलीत राहायची पाळी कशाला येईल?’ मराठवाड्यातून आलेले कितीतरी कामगार त्यांनी पाहिले होते. आमच्या पट्ट्याला काही मिळाले नाही म्हणून ही योजना चुकीची होती, असे मला कधी वाटले नाही.

मात्र वाळूजची वसाहतही महामंडळाचीच होती, हे विसरू नये. तिथेही आधी रस्ते झाले, पाणी आले आणि मग सवलतीच्या ओढीने कारखाने आले. राज्यात इतरत्र अशाही वसाहती झाल्या जिथे सवलत भरपूर होती, पण पाणी, वाहतूक आणि कसबी माणूस कमी पडला. तिथे भूखंड वर्षानुवर्षे रिकामे राहिले.

बत्तीस-दोनची नोटीस

महामंडळाच्या इतिहासात शेतकऱ्याचे पान कोरे ठेवले तर तो इतिहास अपुरा राहील.

अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणात भूसंपादन येते. कलम ३२(२) प्रमाणे आधी नोटीस निघते, हरकती ऐकल्या जातात, आणि मग ३२(१) ची अधिसूचना निघून जमीन शासनाकडे जाते. हे आकडे आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहेत. ‘बत्तीस-दोन लागली’ असे कुणी म्हटले की घरात चूल पेटत नाही, असे दिवस भोसरी, चिखली, पिंपरी आणि नंतर चाकणच्या बाजूला निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरीपर्यंत अनेक गावांनी पाहिले. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असते, त्यावर फेरफार होऊन महामंडळाचे नाव चढते. पिढ्यानपिढ्या कसलेली काळी जमीन एका कागदाने ‘क्षेत्र’ होते.

सुरुवातीच्या काळात मोबदला तुटपुंजा वाटे, आणि हातात आलेला पैसा लग्नकार्यात व घरबांधणीत संपून जाई. पुढे संपादित जमिनीच्या १५ टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण आले. वाटाघाटीने दर ठरू लागला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळू लागला. काही घरांतली मुले त्या परताव्याच्या भूखंडावर स्वतः कारखानदार झाली, काहींनी कंपन्यांना बसगाड्या, टेम्पो आणि उपाहारगृहे पुरवली. पण ज्यांना वेळेवर काही मिळाले नाही, ज्यांचे कागद वाटेत अडकले, असेही लोक मी ओळखतो. आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यापासून असलेले एक काका मूळचे शेतकरी. जिथे त्यांचा गोठा होता तिथे आज एक मोठे गोदाम आहे. पालखीच्या दिवसांत ते रस्त्यावर उभे राहून वारकऱ्यांना चहा देतात, आणि गोदामाकडे बोट दाखवून सांगतात, ‘इथे आमची विहीर होती.’ उद्योगाला दिलेल्या प्रत्येक सवलतीच्या मुळाशी अशी एक विहीर आहे.

घर ही सुद्धा सवलत

कारखान्याला माणूस लागतो, आणि माणसाला घर. हे सरकारला वेळेवर उमगले म्हणून संत तुकारामनगर झाले. गृहनिर्माण मंडळाच्या या कामगार वसाहतीतून एचए, टेल्को आणि भोसरीचे गाळे सायकलच्या अंतरावर होते. वडील जेवायच्या सुट्टीत घरी येत. चाळीच्या जिन्यात एक कोल्हापूरचा, एक साताऱ्याचा, एक बीडचा आणि एक केरळचा, अशी घरे शेजारी शेजारी असत. कुठल्या कंपनीत जागा निघाली आहे, कुणाला वेल्डर हवा आहे, हे या जिन्यात आधी कळे आणि नंतर वर्तमानपत्रात येई.

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्याचाही हेतू कामगारांसाठी घरे हाच होता. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका झाली. कारखान्यांच्या जकातीवर ती श्रीमंत झाली, आणि त्या पैशातून रस्ते, शाळा आणि आमच्या दारातले यशवंतराव चव्हाण रुग्णालय चालले. उद्योजक जकातीवर नाराज असत आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण तपासणी नाक्यावर गाडी तासन्‌तास थांबे. तरी त्या जकातीने कामगाराच्या आजारपणात खाट दिली, हेही तितकेच खरे. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात सगळे मिसळले.

राज्याराज्यांतली स्पर्धा

१९९१ मध्ये औद्योगिक परवान्यांची पद्धत बव्हंशी संपली. कारखाना कुठे काढायचा हे दिल्लीऐवजी कंपनी ठरवू लागली आणि राज्ये एकमेकांशी चढाओढ करू लागली. विक्रीकराच्या सवलतींत सगळ्यांचीच तिजोरी रिकामी होऊ लागली, तेव्हा १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना अशा सवलती देऊ नयेत.

पण स्पर्धा थांबली नाही, तिने वाट बदलली. जानेवारी २००३ मध्ये केंद्राने उत्तराखंडासाठी विशेष पॅकेज जाहीर केले : नव्या कारखान्यांना दहा वर्षे अबकारी शुल्क माफ आणि पहिली पाच वर्षे प्राप्तिकर माफ. डोंगरी राज्याला हात द्यावा, हा हेतू योग्यच होता. परिणाम मात्र आमच्या पट्ट्याला जाणवला. २००७ मध्ये बजाज आणि टाटा या दोघांचेही कारखाने उत्तराखंडातल्या पंतनगरला सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबले.

त्या गणपतीत आमच्या वर्कशॉपवर शांतता होती. आमच्या एका मोठ्या ग्राहकाने नेहमीच्या भागाची ऑर्डर उत्तरेकडे वळवली. निरोप आला : तिकडे या, नाहीतर काम संपले. आमच्यासारख्याला दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या ठिकाणी शाखा काढणे कसे परवडणार? तीन प्रेस जवळजवळ आठ महिने झाकून ठेवले होते. त्या झाकणांवर साठलेली धूळ मी रोज सकाळी पुसत असे, यंत्र गंजू नये म्हणून.

त्याच सुमारास राज्यानेही कंबर कसली. २००७ च्या योजनेत विशाल प्रकल्पांची व्याख्या ठरली. अ आणि ब गटांत ५०० कोटींची गुंतवणूक किंवा १,००० जणांना रोजगार असेल, तर त्या प्रकल्पाशी बोलून खास सवलती ठरवता येऊ लागल्या. विक्रीकर माफीच्या जागी औद्योगिक प्रोत्साहन अनुदान आले : कर आधी भरायचा आणि त्यातला ठरलेला वाटा नंतर परत मिळवायचा. नोव्हेंबर २००६ मध्ये फोक्सवॅगनने चाकणसाठी राज्याशी करार केला आणि ३१ मार्च २००९ रोजी सुमारे ३,८०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीज-बेंझ आली, महिंद्राही आले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण वाहन उद्योगाचे गाव झाले.

या कंपन्यांनी चाकण निवडले ते निव्वळ अनुदानासाठी नव्हे, असे मी ठामपणे म्हणतो. त्यांना हजार प्रकारचे भाग तासाभराच्या अंतरावर बनवून देणारी भोसरी इथे तयार होती. १९६२ पासून जे पेरले, ते २००९ मध्ये सवलतीपेक्षा मोठे आकर्षण ठरले. आमच्या झाकलेल्या तीन प्रेसवरची झाकणे निघाली, तीही चाकणच्या कामामुळेच.

आकुर्डीला परत

तळेगावचे उदाहरण चाकणहून बोलके आहे. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तिथे कारखाना सुरू केला आणि २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन बंद केले. कामगारांवर आलेली वेळ वाईट होती आणि तिची आठवण पुसू नये. पण रस्ता, पाणी, वीज आणि आजूबाजूचे पुरवठादार जागेवरच होते. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. कंपनी निघून गेली तरी पाया राहतो. उलट सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार म्हणून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. मोठ्या आकड्यांच्या मागे धावताना हे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहावेत.

जुलै २०२१ मध्ये राज्याने विद्युत वाहन धोरण जाहीर केले. त्यात विद्युत वाहने बनवणाऱ्या उद्योगांना राज्यात कुठेही ‘ड+’ गटाच्या सवलती देण्याचे ठरले. ‘अ’ गटातल्या पट्ट्याला मागास तालुक्याची सवलत मिळावी, हे मी प्रथमच पाहत होतो. आणि १० जून २०२२ रोजी आकुर्डीत बजाजच्या चेतक विद्युत स्कूटरचा नवा कारखाना सुरू झाला. १९६० च्या सुमारास इथून निघालेली वाट वाळूज, चाकण, पंतनगर असा फेरा करून त्याच पत्त्यावर परतली. सवलतींच्या हिशेबात तो पत्ता मध्यंतरी मागे पडला होता. तिथली जमीन, रस्ता आणि माणसे मात्र हिशेबातून गेली नव्हती.

पुढच्या वर्षांसाठी

महामंडळाने साठी ओलांडली आहे. परवानग्या एका ठिकाणी मिळाव्यात म्हणून ‘मैत्री’ कक्ष आहे आणि २०२३ पासून त्याला कायद्याचा आधारही आहे. नव्याने धंदा सुरू करणाऱ्या तरुणांना मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळू शकते. केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेतून चिंचवडला ऑटो क्लस्टर उभे राहिले. ज्या चाचणीयंत्राची किंमत लहान उद्योजक आयुष्यात भरू शकणार नाही, ते तिथे तासाच्या भाड्याने वापरता येते. माझ्या मते सवलतीचा हा सर्वांत न्याय्य प्रकार, कारण तो एका कंपनीच्या नावावर नसतो आणि सगळ्यांच्या उपयोगी पडतो.

महामंडळाकडे लहान उद्योजकाच्या वतीने माझे तीन आग्रह आहेत. चाकणच्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ थांबलेला कंटेनर आधी सोडवा, कारण तो अडकलेला प्रत्येक तास आमच्या दरातून कापला जातो. मोठ्या भूखंडांच्या शेजारी लहान गाळ्यांसाठी जागा राखून ठेवा, म्हणजे नोकरदार टर्नरचा पुन्हा मालक होईल. आणि कामगारांच्या घरांचा विचार वसाहतीच्या नकाशातच करा. चाकणला आलेली मुले आज पत्र्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. त्यांच्यासाठी एक संत तुकारामनगर अजून बांधले गेलेले नाही.

आषाढात तुकोबांची पालखी देहूहून निघते. देहूबाहेरचा तिचा पहिला मुक्काम आकुर्डीत असतो. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यांच्या भिंतींमधून, एचएवरून पुण्याकडे जाते, आणि रात्रपाळी संपवून आलेले कामगार डब्याची पिशवी खांद्याला लावून तिच्यासमोर हात जोडतात. तुकोबांच्या घराण्यात वाणीपणा आणि सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची, लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. येणे होते ते त्यांनी सोडले. आपल्या वाट्याला मात्र देणे आहे. ज्यांच्या विहिरीवर आपली गोदामे आहेत त्यांचे, ज्यांच्या करातून आपल्या सवलती आल्या त्यांचे, आणि ज्यांनी चार दगड रोवून ‘दक्षिणेस रस्ता’ असे आधी कागदावर लिहिले आणि मग तो रस्ता खरोखर केला, त्यांचेही.

वडिलांची ती ताबा पावती आम्ही जपून ठेवली आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, सही पुसट झाली आहे. येणे सोडावे, हे तुकोबांकडून शिकावे. हे देणे मात्र फेडायचे आहे, म्हणून तो कागद आम्ही नदीत सोडणार नाही.